गाडी भाड्याची, मेंदू तिसऱ्याचा : बडोद्यातील एका मासिक मोटारसेवेचे परीक्षण

बडोद्यात मोटार विकत न घेता ती महिन्याच्या भाड्याने वापरण्याची सोय आता बऱ्यापैकी रुळली आहे, आणि अशा गाड्यांमध्ये चालकाच्या मदतीला कॅमेरा व रडार असलेल्या, म्हणजे बाजारात सगळे जिला ‘एडास’ म्हणतात ती यंत्रणा बसवलेल्या गाड्याही मिळू लागल्या आहेत. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा चालतात हे पाहण्यासाठी मी गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस अलकापुरीतील एका संस्थेकडून मध्यम आकाराची पेट्रोल एसयूव्ही घेतली आणि दिवाळीनंतर परत केली. सेवा एकंदरीत चांगली आहे. यंत्रणा महामार्गावर उपयोगी आणि शहरात बहुतांशी निरुपयोगी आहे. आणि अशी यंत्रणा हवी असेल तर गाडी विकत घेण्यापेक्षा भाड्याने घेणे शहाणपणाचे आहे, असे माझे मत झाले. यातील तिसरे विधान आपल्याकडे सहजासहजी कोणी मान्य करणार नाही, म्हणून परीक्षणाचा मोठा भाग त्यालाच दिला आहे.

संस्थेचा व्यवहार चोख होता. अनामत रक्कम, परवान्याची आणि आधारची प्रत, बँकेतून आपोआप वळते होणारे भाडे एवढ्यावर गाडी मिळाली. विमा, सर्व्हिसिंग आणि टायरची झीज भाड्यात धरलेली होती. पेट्रोल, टोल आणि दंडाच्या पावत्या अर्थातच आपल्या. महिन्याला ठरावीक किलोमीटरची मर्यादा आहे आणि ती ओलांडल्यास दर किलोमीटरमागे जादा आकार पडतो, हे करारात लहान टायपात असले तरी काउंटरवरच्या मुलीने ते स्वतःहून वाचून दाखवले. गाडी ताब्यात देताना मात्र फार घाई झाली. आलेल्या तरुणाने छताची काच उघडून दाखवली, फोन ब्लूटूथला जोडून दिला, गाण्यांचा आवाज ऐकवला. पण पुढचा कॅमेरा कुठे आहे, कोणत्या परिस्थितीत तो काम थांबवतो, गाडी स्वतः ब्रेक लावणार असेल तर आधी कोणती सूचना देते, यांपैकी काहीही सांगितले नाही. ज्या वस्तूसाठी वरच्या आवृत्तीचे जादा भाडे घेतले जाते, तिचीच ओळख करून न देणे हा या सेवेतील सर्वांत मोठा दोष आहे.

ही यंत्रणा काय करते आणि काय करत नाही, हे आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संघटनेने, म्हणजे एसएईने, २०१४ मध्ये स्वयंचालनाच्या शून्य ते पाच अशा पातळ्या ठरवल्या आणि जगभर आज त्याच वापरल्या जातात. भारतात ‘एडास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्या पहिल्या किंवा दुसऱ्या पातळीच्या आहेत. दुसऱ्या पातळीची गाडी वेग आणि स्टिअरिंग दोन्ही काही काळ सांभाळते, परंतु रस्त्यावर लक्ष ठेवण्याचे काम पूर्ण वेळ माणसाचेच असते. तिसऱ्या पातळीपासून पुढे हे लक्ष ठेवण्याचे काम, यंत्रणा चालू असेपर्यंत, गाडीकडे जाते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीमध्ये दिसायला एका आकड्याचा फरक असला तरी अपघात झाल्यावर पोलिसांना उत्तर कोणी द्यायचे हा प्रश्न नेमका याच दोन पातळ्यांच्या मध्ये उभा आहे. त्याकडे पुढे येतो.

अहमदाबाद-बडोदे द्रुतगती मार्ग हे या यंत्रणेसाठी आपल्या भागातील सर्वांत अनुकूल ठिकाण म्हणावे लागेल. ९३ किलोमीटरच्या या रस्त्यावर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे, दुभाजक सलग आहे आणि पट्टे बऱ्याच ठिकाणी स्वच्छ दिसतात. दुमाडहून वर चढल्यावर ताशी शंभरच्या कमाल मर्यादेच्या किंचित खाली वेग ठरवून दिला की गाडी पुढच्या वाहनापासून अंतर राखते, ते मंदावले की मंदावते, रस्ता मोकळा झाला की हळूहळू मूळ वेगावर येते. आणंद-नडियादपर्यंत उजव्या पायाला काम उरत नाही आणि मुक्कामी पोहोचल्यावर पाठीला जाणवणारा थकवा खरोखरच कमी असतो. गाडीला दोन पट्ट्यांच्या मध्ये, म्हणजे आपल्या लेनमध्ये, राखण्याची यंत्रणा मात्र थोडी हेकट आहे. डाव्या बाजूने जाणाऱ्या लांब ट्रेलरपासून आपण स्वाभाविकपणे जरा उजवीकडे सरकून जातो. गाडीला ते पसंत नसते, ती स्टिअरिंगला पुन्हा मध्याकडे ओढते आणि ट्रेलरच्या चाकांशेजारी असताना हे ओढणे मुळीच सुखद वाटत नाही. हात सैल सोडले की काही सेकंदांत पडद्यावर सूचना येते, मग घंटी वाजते, आणि तरीही दुर्लक्ष केले तर यंत्रणा मदत बंद करते. हे योग्यच आहे.

शहरात आल्यावर चित्र पालटते. रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी या भागांत पुढच्या वाहनापासून अंतर राखणे म्हणजे त्या अंतरात दुसऱ्याला निमंत्रण देणे होय, आणि ते निमंत्रण क्षणात स्वीकारले जाते. आधी एक स्कूटर शिरते, तिच्यामागून रिक्षा येते, आणि आपली गाडी दर वेळी सौजन्याने मागे हटत राहते. न्यायमंदिराजवळ आडव्या येणाऱ्या पादचाऱ्यांमुळे धडकेची सूचना इतक्या वेळा वाजली की तिला काही अर्थ उरला नाही. जोरदार पावसात अलकापुरीच्या गरनाळ्यापाशी, म्हणजे रेल्वेखालून जाणाऱ्या रस्त्यापाशी, कॅमेऱ्याने आपण काही पाहू शकत नसल्याचे जाहीर करून रजा घेतली, म्हणजे जेथे माणसालाही मदत हवी होती तेथे ती मिळाली नाही. गायींच्या बाबतीत मात्र यंत्रणेचे कौतुक केले पाहिजे. करोडियाच्या बाजूला रात्री रस्त्यात बसलेली गाय तिने माझ्याआधी ओळखली. पुढे मी शहरात आपोआप लागणारे ब्रेक आणि आंधळ्या कोपऱ्याची, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या बाजूच्या वाहनाची, सूचना एवढेच चालू ठेवले आणि बाकी सर्व बंद केले. या गाड्या घेणारे माझे बहुतेक परिचितही असेच करतात.

आता मालकीच्या आणि नावाच्या प्रश्नाकडे येतो. या लेखात गाडीच्या कंपनीचे नाव मी लिहिलेले नाही, कारण येथे ज्या गुणदोषांची चर्चा आहे ते बोनेटवरच्या चिन्हाबरोबर येतातच असे नाही. मोबिलआय, बॉश, झेडएफ अशा मोजक्या पुरवठादारांचे कॅमेरे, रडार आणि गणकचिपा आज जगातील कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत बसतात. यांतील मोबिलआय ही जेरुसलेममधील कंपनी १९९९ मध्ये निघाली आणि २०१७ मध्ये इंटेलने ती सुमारे १५ अब्ज डॉलरना विकत घेतली. तिचे नाव आपल्या मोटारबाजारात गाडी घ्यायला निघालेल्या शंभर जणांतील एकालाही ठाऊक नसावे. इंजिन ज्याचे त्याची गाडी, असे आपण इतकी वर्षे मानत आलो. एका कंपनीचे डिझेल इंजिन दणकट, दुसरीचे पेट्रोल इंजिन रेशमासारखे, तिसरीचे ॲव्हरेज भरवशाचे, अशी ख्याती पिढ्यान्‌पिढ्या टिकली आणि त्या ख्यातीवर चिन्हाची किंमत ठरली. गाडी चालवणारा मेंदूच जर बाहेरून येणार असेल आणि तो तीन चिन्हांच्या गाड्यांत एकच असू शकत असेल, तर त्या ख्यातीचा पाया पोकळ होत जातो.

याचे पुढचे टोक अमेरिकेत पाहायला मिळते. गूगलने २००९ मध्ये सुरू केलेला आणि २०१६ पासून वेमो या नावाने स्वतंत्र झालेला प्रकल्प आज फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस या शहरांत चालकाविना टॅक्सी चालवतो. त्याच्या ताफ्यातील ठळक गाडी जग्वारची आय-पेस होती. जग्वार २००८ पासून टाटांकडे आहे, आणि आपल्याकडे जग्वार दारात उभी असणे म्हणजे काय, हे रेसकोर्स रोडवर राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. तेथील प्रवासी मात्र ‘वेमोने आलो’ असे म्हणतो. जग्वारची चामड्याची आसने आणि तिचा झेपावता प्राणी यांच्यासाठी तो काही जादा मोजत नाही. छतावरचा फिरता संवेदक आणि ॲपमधली वाट पाहण्याची मिनिटे एवढेच त्याच्या हिशेबात असते. लिफ्टमधून वर जाताना ती कोणत्या कंपनीची आहे हे जसे आपण कधी वाचत नाही, तसेच हे झाले.

बोनेटवरचे चिन्ह किती पातळ असते याचा पुरावा शोधायला बडोदेकराला अमेरिकेत जाण्याचीही गरज नाही, हालोलपर्यंत गेले तरी पुरे. तेथील कारखान्यातून १९९०च्या दशकात ओपल अ‍ॅस्ट्रा निघाली, पुढे त्याच फाटकातून शेव्हरोलेच्या गाड्या निघाल्या, आणि जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातील विक्री थांबवल्यावर तो कारखाना चीनच्या एसएआयसी समूहाच्या एमजीकडे गेला. २०१९ पासून तेथून एमजीची हेक्टर ही गाडी बाहेर पडते. एमजी हे मूळचे ब्रिटिश नाव, मालकी चिनी, आणि अलीकडे भागीदार भारतातील जेएसडब्ल्यू समूह. त्या काळी हौसेने शेव्हरोले घेतलेल्या आमच्या ओळखीच्या कुटुंबांना कंपनी निघून गेल्यावर गाडी विकताना जो भाव मिळाला, त्यावरून ‘ब्रँड’ या शब्दावर ठेवायच्या विश्वासाची मर्यादा त्यांना कळली. त्याच हालोलच्या कारखान्यातील विंडसर ही विजेची गाडी सप्टेंबर २०२४ मध्ये आली तेव्हा तिची एक किंमत ९.९९ लाख अशी जाहीर झाली होती, कारण त्यात बॅटरी धरलेली नव्हती. बॅटरीचे भाडे दर किलोमीटरला साडेतीन रुपये वेगळे. गाडी तुमची, तिचे काळीज भाड्याचे. ग्राहकांनी ही गाडी उत्साहाने घेतली, यावरून मालकीचे तुकडे पाडायला आपला बाजार वाटतो तेवढा नाराज नाही असे दिसते.

यंत्रणेचेही असेच तुकडे पडू लागले आहेत. टेस्लाने जुलै २०२५ मध्ये मुंबईत दालन उघडले तेव्हा जवळपास ६० लाखांच्या मॉडेल वाय गाडीवर ‘पूर्ण स्वयंचालन’ या नावाच्या यंत्रणेसाठी वेगळे ६ लाख रुपये सांगितले होते, आणि त्या नावाखाली, चालकाने सतत लक्ष ठेवणे आवश्यक आहे, अशी सूचनाही दिली होती. सहा लाखांत बडोद्यात एक लहान गाडी येते. एवढी रक्कम अशा वस्तूत घालायची की जिची नवी, अधिक चांगली आवृत्ती कधीही निघेल आणि जिचा जुन्या गाड्यांच्या बाजारात कोणी भाव करणार नाही, हे मला पटत नाही. आपल्याकडचा जुन्या गाड्यांचा दलाल आजही किलोमीटर, विम्याचे दावे आणि पत्र्याचा ठोका पाहतो. कॅमेऱ्यामागच्या संगणकप्रणालीचे वय विचारणारा दलाल मी अजून पाहिलेला नाही.

भाड्याच्या बाजूने माझे मत वळण्यास एक काच कारणीभूत झाली. पावागढहून परतताना हालोल रस्त्यावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा पुढच्या काचेवर लागला आणि दोन दिवसांत तडा वरपर्यंत गेला. एडास असलेल्या गाडीत कॅमेरा याच काचेच्या मागे असतो, त्यामुळे काच बदलल्यावर कॅमेऱ्याची दिशा पुन्हा जुळवून घ्यावी लागते; हे काम कोपऱ्यावरच्या काचवाल्याचे नव्हे, त्यासाठी ठरावीक फलक, मोजलेली जागा आणि उपकरण लागते. संस्थेने गाडी नेली, बदली म्हणून एक साधी हॅचबॅक दिली, आणि विम्यातील माझ्या वाट्याची ठरलेली रक्कम सोडून जास्त काही घेतले नाही. गाडी परत येण्यास मात्र सांगितल्यापेक्षा बरेच अधिक दिवस लागले आणि त्या दिवसांचे भाडे कमी करण्यासाठी मला दोनदा पत्र लिहावे लागले. शेवटी त्यांनी ते केले. स्वतःची गाडी असती तर हे सर्व निस्तरणे माझ्याकडे आले असते.

आता प्रतिष्ठेबद्दल. कमी मुदतीच्या भाड्याच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरे असतात; गाडी ग्राहकाच्याच नावावर नोंदली जाते अशा लांब मुदतीच्या करारात पांढरी पाटी मिळते. मला काळी पाटी मिळाली. कारेलीबागेतील आमच्या सोसायटीच्या पहारेकऱ्याने पहिल्याच संध्याकाळी गाडी पाहुण्यांच्या जागेत लावायला सांगितली. शेजारच्या जोशीकाकूंनी, ‘कुठे बाहेरगावी निघालात का?’ अशी चौकशी केली. गाडी किती लाखांची आहे, तिच्यात कोणते रडार आहे, यापेक्षा पाटीचा रंग अधिक बोलका ठरला. आरटीओच्या लिलावात ‘जीजे ०६’च्या मागे पसंतीचा आकडा लागावा म्हणून हजारो रुपये मोजणारे लोक याच शहरात आहेत, तेव्हा हे नवल नाही. दसऱ्याला आमच्या घरी या काळ्या पाटीच्या गाडीलाही झेंडूची माळ आणि कुंकवाचे बोट लागले. आईने पूजा करताना गाडी कोणाच्या नावावर आहे ते विचारले नाही, फक्त लिंबे चाकांखाली सरळ ठेवा म्हणाली. मिरवण्याची ओढ आणि वाहनाविषयीची आपुलकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भाड्याच्या गाडीने पहिलीला धक्का बसतो, दुसरीला फारसा नाही.

चिन्हाची प्रतिष्ठा ओसरली तर तिची जागा कोणती गोष्ट घेईल? माझ्या मते, जबाबदारी. व्होल्वोच्या प्रमुखांनी २०१५ मध्येच असे जाहीर केले होते की गाडी स्वतः चालत असताना अपघात झाला तर दायित्व कंपनी स्वीकारेल. मर्सिडीजने २०२२ पासून जर्मनीत आपल्या मोठ्या गाड्यांत तिसऱ्या पातळीची यंत्रणा विकायला काढली. ती सुरुवातीला फक्त ठरावीक महामार्गांवर आणि ताशी ६० किलोमीटरपर्यंतच चालत असे, पण तेवढ्या मर्यादेत चालकाला रस्त्यावरची नजर काढता येत होती. माझ्या दृष्टीने लाकडी डॅशबोर्ड किंवा तीन टोकांचा तारा यांपेक्षा ही सवलत अधिक मोठी चैन आहे. मी वापरलेल्या गाडीत अशी कोणतीही हमी नाही. तिच्या माहितीपुस्तिकेत पानोपानी ‘चालक जबाबदार आहे’ असेच लिहिलेले आहे, आणि संस्थेच्या करारातही दंड, अपघात, पोलीस या सर्वांपुढे भाडेकरूचेच नाव आहे. गाडी परक्याची, मेंदू तिसऱ्याचा आणि उत्तरदायित्व तेवढे आपले, ही वाटणी ग्राहकाला अजिबात अनुकूल नाही. जी कंपनी भारतात पहिल्यांदा यातील थोडासा भार स्वतःवर घेईल, तिच्या चिन्हाला मी जादा पैसे देईन.

तसे लवकर होईल असे दिसत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये चालकविरहित गाड्यांना विरोध असल्याचे सांगितले आहे, आणि त्यामागे चालकांचा रोजगार हे कारण दिले आहे. बडोद्यात हा मुद्दा पुस्तकी नाही. ज्यांना गाडी हवी पण चालवायची नाही, ते येथे दिवसाच्या बोलीवर ड्रायव्हर बोलावतात; तो पाऊस, गाय, गरनाळे आणि मांडवीतील गर्दी हे सारे समजून चालवतो, सामान उचलतो आणि आजोबांना हात देऊन उतरवतोही. माझ्या यंत्रणेची खरी स्पर्धा या माणसाशी होती आणि द्रुतगती मार्ग सोडला तर तिने ती सपशेल गमावली. मागच्या आसनावर बसण्याची प्रतिष्ठासुद्धा आपल्याकडे या ड्रायव्हरमुळेच आहे. उद्या गाडीच स्वतः चालू लागली तर मागे बसणे सर्वांनाच परवडेल, आणि मग त्यात मिरवण्यासारखे काही उरणार नाही.

तरीही खाजगी मालकी संपेल असे मला वाटत नाही, आणि याचे कारण नवरात्रात सापडते. गरबा संपला की मध्यरात्री अर्धे शहर एकाच वेळी घरी निघते. उत्तरायणात, लग्नाच्या तिथींना, दिवाळीच्या पाडव्याला हेच घडते. वर्षातील बहुतेक दिवशी सोसायटीच्या तळघरात निम्म्या गाड्या धूळ खात उभ्या असतात आणि तेवढ्याच या पाच-पंचवीस रात्रींना कमी पडतात. सामायिक ताफा कितीही मोठा केला तरी या रात्रींच्या मापाने तो कोणी ठेवणार नाही, कारण उरलेले वर्षभर तो तोट्यात उभा राहील. संस्थेने मला हे आपणहून दाखवून दिले: नवरात्रात दुसरी गाडी आठवडाभरासाठी मागितली तेव्हा एकही शिल्लक नव्हती. ज्यांच्या घरी वृद्ध माणसे आहेत, ते अशा रात्रीसाठी तरी एक साधी गाडी दारात ठेवतीलच.

मुदत संपताना संस्थेने हीच गाडी पुढील सहा महिन्यांसाठी थोड्या कमी भाड्यात देऊ केली. मी त्याऐवजी त्याच गाडीची एडास नसलेली खालची आवृत्ती मागितली, आणि अहमदाबादच्या फेऱ्या असतील त्या आठवड्यांत वरची आवृत्ती बदलून मिळेल का असे विचारले. भाड्यातील फरक दिवसांच्या हिशेबाने भरल्यास आणि चार दिवस आधी कळवल्यास ती मिळते. नवरात्र आणि दिवाळी यांना ही सोय लागू नाही. शहरात राहून अधूनमधून महामार्गावर जाणाऱ्यांना ही सेवा मी याच पद्धतीने घ्यायला सुचवीन. करार करताना पुढच्या काचेचा आणि कॅमेरा जुळवण्याचा खर्च कोणाकडे, गाडी दुरुस्तीला गेल्यास त्या दिवसांचे भाडे आपोआप वजा होते का, आणि पाटी कोणत्या रंगाची, एवढे लिहून घ्यावे. गाडी ताब्यात घेताना छताची काच बाजूला ठेवून आधी कॅमेऱ्याविषयी विचारावे.